कोरा हात

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघ्यांना तेल लावतेस ना, की नुसती बाटलीच उशाशी ठेवतेस?

माझी बातमी अशी, की निवृत्तीनंतर भिंतींशी बोलायची पाळी आली होती, म्हणून इस्पितळात मुलांच्या वॉर्डात गोष्टी वाचून दाखवायला जायचं ठरवलं. पगार नाही, चहा मिळतो. आधी क्षयाची चाचणी मात्र सक्तीची. परवा नर्सबाईंनी कोपराखाली कातडीत बारीक सुई टोचली. आज जाऊन दाखवलं, तर मोजायलाही काही नव्हतं. हात कोरा. पास झालात, म्हणाल्या. शाळेत गणितात एवढ्या सहज कधी पास झाले नव्हते.

तिथे बाकावर बसल्या बसल्या उगाच आत्याचं घर आठवलं. तो अंधारा जिना, ते शिवणयंत्र. दीड वर्ष होते मी तिथे. तुला ठेवून घेतलं नि मला धाडलं, एवढी कसली जड झाले होते, हे आईला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. साठी उलटली तरी रुसवा जात नाही बघ.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमी

११ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

शाबास. मी याच परीक्षेत नापास झाले होते. शाळेत शिक्षिका म्हणून लागताना टोचून घेतलं, तर दोन दिवसांत हात लाल नि ही टणक गाठ. छातीचा फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, आता आजार नाही, पण लहानपणी घरात कुणाला क्षय होता का?

आईला होता, चिमे. तू चार वर्षांची होतीस, मी बारा. तेव्हा हे नाव दाराबाहेर काढायची सोय नव्हती. बाबांनी मला शपथ घातली होती, नि ते गेल्यावरही तोंडाचं कुलूप तसंच राहिलं. बाबा तुला भेटीला आणत, तेव्हा आई झोपलीय असं आम्ही सांगायचो. ती झोपलेली नसे. बंद दाराला आतून पाठ लावून तुझी बडबड ऐकत बसायची. तू गेलीस की मला विचारायची, वेणी कुणी घातली होती, चपला लहान होतात का, अजून बोबडं बोलते का. मी सगळं रंगवून सांगायचे.

प्रकृतीला जप. ताईवर रागावायचं असेल तर खुशाल रागाव, पण पत्र लिही.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र परत परत वाचलं. मी त्या दारावर थापा मारल्या होत्या. आईने उघडलं नाही म्हणून घरी परतल्यावरही कितीतरी दिवस तिच्याजवळ गेले नव्हते.

पण काल वॉर्डात एका मुलीला गोष्ट वाचून दाखवताना दुसरंच मनात आलं. ती बारा वर्षांची आहे. केवढीशी असते गं बारा वर्षांची मुलगी. मला वाचवायला लांब धाडलं, मग तुला का नाही? तुझी ती गाठ त्या घरातलीच ना? चिडली नाहीस आईवर?

लवकर लिही. इथे जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
चिमी

२६ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

चिडले होते की. सकाळी उठून स्टोव्ह पेटवायचा, आईची भांडी वेगळी उकळायची, औषध द्यायचं, मग शाळा. तुझा हेवा वाटायचा. पण आज ते दिवस आठवतात ते गोड होऊनच. दुपारी ती खाटेवर, मी उंबऱ्यावर. ती पाढे म्हणून घ्यायची, मी मुद्दाम चुकायचे, नि ती हसता हसता खोकायची. ते हसणं मला एकटीला मिळालं. बरी झाल्यावर ती पुन्हा सगळ्यांची झाली.

नोकरीच्या वेळी गाठ उठली, तेव्हा मी घरी येऊन हात तिच्यापुढे धरला. तिने गाठीवर बोट ठेवलं नि म्हणाली, "धाकटी जगायला हवी म्हणून धाडली. तुलाही धाडायला हवं होतं. पण मग मी कुणासाठी उठले असते?"



इस्पितळातून सवड काढून चार दिवस ये. पत्रात सगळं मावत नाही, आणि आई माझ्यापाशी अजून पुष्कळ शिल्लक आहे.

वाट बघणारी,
ताई