बसचा नवस

उरण,
१४ सप्टेंबर २०२५

ती. गोदूआत्यास,
मैथिलीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट भांडता येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. बाबांची तब्येत ठीक आहे. चैत्रात झटका आल्यापासून उजवा पाय ओढतात. डॉक्टर म्हणतात चाला, पण ते उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. लोक बघतात म्हणे. मात्र तू भाऊबीजेला येणार का, हे रोज विचारतात. गेल्या वर्षी तुझ्या हर्षदला रजा मिळाली नाही, त्याची गाडी आली नाही आणि तूही आली नाहीस. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते. तुला मुद्दामच कळवलं नव्हतं.

यंदा मला आशा आहे. करंजाच्या धक्क्यापासून आमच्या घरावरून बाजारापर्यंत एक छोटी बस सुरू झाली आहे. तू किहीमहून एसटीनं रेवसला यायचं, लाँचनं खाडी ओलांडायची आणि धक्क्यावरच बसमध्ये बसायचं. लेकाच्या रजेची वाट बघायला नको, आणि पडल्यापासून तू जिचा धसका घेतला आहेस ती स्कूटरही नको.

पण ही बस दिवाळीपर्यंतच. तोवर माणसं बसली नाहीत तर बंद होणार, आणि माणसं काही बसत नाहीत. मी आणि शेजारची सुचिता शाळेत, बाजारात सांगत फिरतो की जवळ पायी जा, सायकल काढा, लांबच्याला बस आहे. सगळे माना डोलावतात आणि गाडी सुरू करतात. मी स्वतः चालायचं म्हटलं तर तेही जमत नाही. कुणीतरी ओळखीचं थांबतं, गाडी बिघडली का विचारतं आणि मागे बसवतंच. नको म्हटलं की रुसतात. काल मी 'पायी चला' या विषयावर बोलायला गेले, ती शेजारच्या दिपेशच्या स्कूटरवरून! आता तूच सांग, काय करू?

बाबांचे तुला आशीर्वाद, माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
मैथिली


किहीम,
२१ सप्टेंबर २०२५

चि. मैथिलीस,
गोदूआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

माधव जेवला नव्हता हे वाचलं आणि पत्र खाली ठेवून मागच्या वाडीत जाऊन आले. असल्या गोष्टी लपवत जाऊ नकोस. मी काही काचेची नाही.

स्कूटरवर बसून पायी चालायचं भाषण दिलंस, हे वाचून मी एकटीच हसत बसले. तरी तुझं कौतुक वाटतं गं. आमच्या वाडीत माडांना धडकत धडकत सायकल शिकलीस, गुडघे फुटले तरी उतरली नाहीस. तशीच आहेस अजून.

आता माझं ऐक. आपली माणसं प्रेमानं गाडीवर घेतात, त्यांना पेट्रोलचं आणि धुराचं सांगून उपयोग नाही. पण कनकेश्वराला अनवाणी निघालेल्याला कुणी गाडीत बस म्हणतं का? नेम आहे म्हटलं की हात जोडून वाट देतात. तूही सांग, पायी चालायचा नेम धरलाय. खोटं नाही ते.

मी येईन असं मात्र माधवला सांगू नकोस. लाँचमधून एकटीनं उतरायची मला भीती वाटते. बस टिकली तर बघू.

लोभ तर आहेच, तो मागून घ्यायची तुला गरज नाही.

तुझी,
गोदूआत्या


उरण,
८ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस असं आधीच लिहून ठेवते.

तुझा सल्ला घेऊन निघाले. वाटेत गाडी थांबली आणि घाईत माझ्या तोंडून नेमाऐवजी 'नवस' निघून गेलं. करंजाची रंगूमावशी मासळीची पाटी घेऊन शेजारीच उभी होती. ती मला सोडते होय! कसला नवस, तिनं विचारलं. मी म्हटलं, ही बस टिकू दे म्हणून. त्यावर ती म्हणाली, बाय, नवस म्हटला म्हंजे फेडायला लागतो, न्हायतर बोलायचा न्हाय. फेडणार कसा ते सांग. मी आपली म्हणून गेले, की बस टिकली तर माझी आत्या भाऊबीजेला याच बसनं येईल आणि बसमधल्या प्रत्येकाला आपल्या वाडीतला नारळ देईल.

दुसऱ्या दिवशी रंगूमावशी पाटीसकट बसमध्ये. म्हणे, पोरीचा नवस अडकला तर पाप गावाला. तिच्यामागून बाजारातल्या बाया चढल्या, मग आमच्या शाळेतल्या मुलांच्या आया. आता दिपेशसुद्धा स्कूटर घरी ठेवतो. आमच्या भाषणांनी जे झालं नाही ते या बाईनं करून दाखवलं, आणि चढणाऱ्या प्रत्येकीला ती बसलेल्यांना दटावून जागा करून देते. मी तर तिची भक्तच झाले आहे. मात्र सगळे एकच विचारतात, नारळवाल्या आत्या कधी येणार?

बाबांना हे सांगितल्यावर ते खूप दिवसांनी हसले. ये गं. एवढं लिहून थांबते.

तुझी अपराधी,
मैथिली


किहीम,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. मैथिलीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

काल घरी सुखरूप पोचले. शाळेत मराठी शिकवतेस आणि नेम, नवस यांतला फरक कळत नाही, हे तोंडावर बोलायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहिते. तुझ्या चुकीपायी या वयात नारळाचं पोतं घेऊन खाडी ओलांडली. रेवसला पोतं पाहून खलाशी म्हणाला, आज्जी, दुकान टाकायला चालल्याव काय. पण करंजाला त्यानंच पोतं आधी उतरवलं आणि मग मलाही हात धरून तसंच अलगद उतरवलं. ज्याची भीती होती ते एवढंसंच निघालं.

धक्क्यावर एका मुलानं स्कूटर थांबवून बसा म्हटलं. मी त्याला ऐटीत सांगितलं, न्हाय रे बाबा, माझी बस येतेय. बसमध्ये रंगूनं मला खिडकी दिली आणि नारळ तिनंच वाटले. निकेश ड्रायव्हरचा नारळ तर तिनं आधीच बाजूला काढून ठेवला होता.

पण तुमच्या घराजवळच्या थांब्यावर माधव काठी टेकून उभा असेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवस कळल्यापासून तो रोज अंधार पडल्यावर तुझ्या हाताला धरून थांब्यापर्यंत चालायचा, हे तू परवा सांगितलंस. त्या वेळी मला फक्त तो दिसला, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. मग मला घरापर्यंत कुठला धीर! तिथंच तबक काढलं. वाऱ्यानं निरांजन राहीना, तेव्हा रंगूनं आणि बायांनी पदरांचा आडोसा केला. निकेशनं बस तशीच उभी ठेवली, एकदाही हॉर्न वाजवला नाही.

बस पुढेही चालू राहणार हे काल फोनवर ओरडून सांगितलंस, ते ऐकू आलं. गुढीपाडव्याला मी पुन्हा येते, हर्षदला कळवायचं काही कारण नाही.

तिथं तुम्हा सगळ्यांसमोर मला बोलता आलं नाही ते लिहिते. ओवाळून झाल्यावर माधवनं खिसे चाचपले, तर पाकीट घरीच राहिलेलं. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, गोदे, इथवर चालत आलो, हीच ओवाळणी समज.

मी ती घेतली. अशीच माया धरून राहा.

तुझी,
गोदूआत्या