पाड्याची अकरा माणसं

कामतघर, भिवंडी
७ मार्च २००६

चि. सरूस,
गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

चौथीच्या वर्गात कविता म्हणताना शेवटची ओळ तू एकटीच लांबवायचीस. बाकीची पोरं थांबलेली, आणि तुझा आवाज कौलांवरून खाडीकडे निघालेला. खिडकीखाली लूम खडखडतात, तरी तो मला अजून ऐकू येतो.

वीटभट्टीवर पाठ फार दुखते का? जप.

तुझी थोरली, दीपिका, काय पोर आहे! पाड्याला अंगणवाडी मागितली, तर कार्यालयाचं उत्तर आलं, 'मुलं पुरेशी नाहीत.' ही सायबर कॅफेत जाऊन बसली. जनगणनेचे तक्ते कुणालाही बघता येतात म्हणे! छापून आणले, माझ्यापुढे पसरले आणि एकेक रकाना बोट ठेवून वाचला, कवितेसारखा.

"गुरुजी, एक्याण्णवला आदिवासी एकशे चौसष्ट. दोन हजार एकला अकरा. गावात आदिवासी म्हणजे आमचा पाडाच ना? मग बाकीची काय खाडीत बुडाली?"

मी चष्मा पुसत बसलो.

मग तिनं वही उघडली. घरोघर फिरून मोजलेली माणसं, एकशे एक्क्याऐंशी. सहा वर्षांखालची एकतीस. जन्मतारीख ठाऊक नसेल तिथे 'पुराच्या आठवड्यात झाली' असं टिपलेलं. जन्मभर हजेरी घेतली मी, अशी एकदाही घेतली नाही.

उद्या ती वही कार्यालयातल्या साहेबांपुढे ठेवणार. साहेब विचारणार, छापलेलं खरं की हे खरं? वही माझ्याकडेच ठेवून गेलीय, अक्षर तपासायला.

सरू, ते अकरा मी लिहिले. मोजणीची ड्युटी माझी होती. चिखल तुडवायचा कंटाळा केला, गावातल्या केसरीनाथ शेठच्या ओटीवर चहा पीत बसलो. तो म्हणाला, "तिकडं कोन न्हाय गुरुजी, समदी भट्टीवर. दहा-अकरा म्हातारी असतील." मी अकरा मांडले, बाकी घरांपुढे 'कुलूप' लिहिलं. तू तर त्या वर्षी चंद्राच्या वेळची बाळंतीण, पाड्यावरच होतीस. पुढे बाजारात विचारलंस, "गुरुजी, आमच्याकडं न्हाय आलात?" मी म्हणालो, "आलो होतो. कुलूप होतं."

तू हसलीस. "आमच्या कुडाच्या दाराला?"

त्यानंतर पाच वर्षं तू माझा उंबरा चढली नाहीस. चंद्राही त्या एकतीसांत आहे.

दीपिकाला यातलं काही माहीत नाही. चूक माझी, असा जबाब लिहून ठेवलाय, वहीला जोडायला. सही तेवढी होत नाही. पेन्शनीची भीती नाही गं. ती पोर मला अजून 'गुरुजी' म्हणते.

थांब, दारात कुणीतरी आहे.

"गुरुजी, हायेत का घरात? दीपिकाची वही इथं हाय ना? तिनं मला भट्टीवरनं बोलावलंय. म्हनली, 'आये, वहीवर अंगठा न्हाय, सहीच कर.'"

तुझा आवाज ओळखला. जबाबावर सही केली.

आता हे पत्र टपालात जात नाही, तुझ्या हातात देतो. माझ्यासमोर, मोठ्यानं वाच. शेवटची ओळ लांबव.

तुझ्या दारापर्यंत न आलेला,
गुरुजी