जाळीतलं सोडलेलं घर

बाबा, आपला जाळीचा धंदा अजून चालू आहे, हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. घाटकोपरची आपली चाळ गेली, तिथे टॉवर आला, टॉवरच्या वरच्या मजल्यांवरही कबुतरं पोचली आणि त्यांच्या मागोमाग जाळी घेऊन मी पोचले. अंधेरीला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा आहे. जाळी आता मशीनवर विणलेली, रोलमध्ये येते. आपण मापाने कापायची, काठाला दोर ओवायचा आणि हाताने गाठी मारायच्या, एवढंच काम उरलंय. ते गाठींचं काम मी अजून कुणाला देत नाही. कामाला असलेल्या बायका म्हणतात, मॅडम, तुम्ही कशाला खाली बसता, गुडघ्यांची वाट लागेल. मी म्हणते, लागू दे, गुडघे माझे आहेत ना? लग्नात तुम्ही दिलेली ती शिंगाची सुई अजून माझ्याच हातात असते. सासरच्यांनी तेव्हा तोंडं वाकडी केली होती, मुलीला सोनं द्यायचं सोडून जाळं विणायची सुई काय देतो हा माणूस! त्या सुईवर माझं घर उभं राहिलं, बाबा. सोनं केव्हाच मोडलं.

गेल्या आठवड्यापासून तुमच्याशी बोलायचंय. त्यासाठी जुनं काढावं लागेल. गिरणी बंद पडली तेव्हा तुमच्याबरोबरचे कुणी वॉचमन झाले, कुणी भाजीच्या गाड्या लावल्या. तुम्ही गावच्या दर्यावरून आजोबांची एकच विद्या घेऊन आला होतात, ती बाहेर काढलीत. मासे धरायला नव्हे, क्रिकेटच्या मैदानांसाठी जाळी विणायला. एक टोक स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला आणि दुसरं दाराच्या कडीला. मध्ये आपला संसार. आईला चुलीपासून मोरीपर्यंत जायचं तर साडी वर धरून उडी मारावी लागायची. "ह्या जाळ्यात मासा कोण गावलो सांगू? मी!" असं ती रोज म्हणायची आणि तुम्ही रोज हसायचात. मी शाळेतून आले की सुईत दोरा भरून द्यायचे. बांबूची पट्टी धरून तुम्ही एकेक चौकट पाडायचात. त्या चौकटीला तुम्ही घर म्हणायचात.

एकदा खालच्या कोपऱ्यात मला एक घर दुप्पट मोठं दिसलं. वाटलं, बाबा चुकले. मी आपली शहाणी, बसले आणि झकास बांधून टाकलं. तुम्ही चहा पिऊन आलात आणि थबकलात.

"ह्या कोणी बांधल्यान?"

"मी!" मी छाती फुगवून म्हटलं.

"उसव."

एवढंच. तुम्ही कधी आवाज चढवायचा नाहीत, म्हणून तो एक शब्द मला चपराकीसारखा लागला. मी रडत रडत उसवलं. मग तुम्हीच मांडीवर घेऊन म्हणालात, "एक घर सोडूक व्हया गो बाय. तुझो आजो सोडी. ज्याची येळ येवक नाय, त्याका जावंदे." मी नाक ओढत विचारलं, पण क्रिकेटच्या जाळीतून कुठला मासा जाणार? तुम्ही म्हणालात, "चेंडू जायत. पोरां धावतीत. बरा."

नंतर कबुतरांच्या जाळ्या सुरू झाल्या तेव्हाही तुम्ही ते सोडलं नाहीत. मुलुंडच्या त्या बाई आठवतात? तणतणत आपल्या दारात आल्या होत्या. "अहो, तुमच्या जाळीतून कबुतर आत आलं! बाल्कनीत अंडी घातलीत!" तुम्ही शांतपणे विचारलंत, "एकच आलं ना?" आई आतून ओरडली, "घालवा सगळी गिऱ्हाइकं, मग बसा भजन करीत." पिल्लं उडेपर्यंत तुम्ही त्या बाल्कनीला हात लावला नाहीत, आणि पिल्लं उडाली तेव्हा त्या बाईंनीच आपल्याला पेढे पाठवले. तुम्ही गेलात त्यानंतर मीही प्रत्येक जाळीला काठाच्या गाठी मारताना कोपऱ्यात एक घर सोडत आले. कुणाला सांगितलं नाही. कबुतर आत आलं की फोन येतो, मी जाते, बोलणी खाते, आणि येताना मनात हसते की बाबा, तुमचा पाहुणा आला होता बरं का.

आता गेल्या आठवड्याचं. वरच्या मजल्यावर लोखंडी सांगाडे बनवणारा एक इंजिनिअर आहे. माझ्याकडे चहा प्यायला येतो. तो म्हणाला, ताई, जाळी पाहिजे, ट्रकवर बसवायला, लष्करासाठी नमुना द्यायचाय. मी म्हटलं, का रे, कबुतरं बसतात का त्यांच्या ट्रकवर? तो हसला नाही. त्याने फोनवर दाखवलं. बाबा, ड्रोन म्हणजे चार पंख्यांचं खेळणं. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर घिरट्या घालून शूटिंग करतं, तेच. त्याच्या पोटाला स्फोटकं बांधतात. एखाद्या स्कूटरच्या भावात ते मिळतं आणि अख्खा रणगाडा जाळून टाकतं. चालवणारा माणूस लांब कुठेतरी तळघरात, ड्रोनला दिसतं ते दाखवणारा चष्मा डोळ्यांना लावून बसलेला. काही तर मागे काचेची बारीक तार सोडत जातात, आपल्या मासे धरायच्या गरीच्या दोरीसारखी, म्हणजे मध्ये कुणाला सिग्नल तोडता येऊ नये. आणि त्याच्यावर उपाय काय काढलाय त्या लोकांनी? तिकडे दूर देशात कोळ्यांची जुनी जाळी रस्त्यावर मांडवासारखी टांगलीत, मैलच्या मैल. पंखा जाळीत गुंतला की खेळ खलास. जाळ्याखालून पोरं गाड्या हाकतात. मला रडूच आलं. एवढ्या मोठ्या लढाईत शेवटी आजोबांचं जाळंच कामाला आलं, असं वाटलं, आणि तुम्ही ते बघायला नाहीत.

रडू यायला आणखी एक कारण आहे, ते तुम्हाला माहीत नाही. तुमचा नातू फौजेत आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता. आता फौजेचा ट्रक चालवतो, सीमेकडे. भरती झाला तेव्हा मी थयथयाट केला होता. तो म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ गं. मी रसद नेणार. लढाई पुढे, मी मागे." त्या 'मागे'वर मी इतकी वर्षं सुखाने झोपत होते. इंजिनिअरचा व्हिडिओ पाहिल्यावर रविवारी फोनवर त्याला खोदून खोदून विचारलं. आधी टाळलं त्याने, मग म्हणाला, "आता मागे-पुढे असं काही राहिलं नाही, आई. ते उडत येतं आणि गाडीच शोधतं. मोकळ्यावर आलो की काच खाली करून कान देतो."

"आवाज येतो का रे? मच्छरासारखा?"

"मच्छर परवडला ना. चावून जातो तरी." आणि लगेच विषय बदलला. जेवलीस का, म्हणाला.

मग मी ती जाळी बांधली, बाबा. तशी जाळी मी आयुष्यात बांधली नव्हती. काल इस्टेटीच्या मागच्या आवारात चाचणी झाली. सांगाडा उभा केला, वर माझी जाळी, आणि इंजिनिअरने स्फोटकांच्या जागी साबणाची वडी बांधून ड्रोन सोडलं. घोंगावत आलं, जाळीत घुसलं, गुंतलं, लटकलं. पुन्हा सोडलं, पुन्हा लटकलं. बायका टाळ्या वाजवत होत्या. तो म्हणाला, एक नंबर, ताई, उद्या सकाळी गाडीत भरा. आणि मी गुंडाळायला खाली वाकले तर कोपऱ्यात ते घर. दुप्पट मोठं. मी सोडलंय हे मला आठवतसुद्धा नव्हतं. हाताने आपोआप सोडलं होतं. तुमच्या हाताने, म्हणा.

बाकी कुणाला ते दिसलं नाही, आणि त्या कोपऱ्यात ड्रोन यायची शक्यता फारशी नाही, हे मलाही कळतं. पण तो माणूस तर फटच शोधत बसलेला असतो ना, चष्मा लावून. तोही कुणाचातरी मुलगा असेल, तुम्ही असतात तर हे पहिलं म्हणाला असतात. असेल, बाबा. पण आजोबांच्या जाळ्यात मासा आत असायचा आणि त्याला सुटायला वाट हवी असायची. या जाळ्यात माझं पोर आत आहे. हीच जाळी त्याच्या गाडीवर बसेल असंही नाही, कुणाच्यातरी पोराच्या गाडीवर बसेल. ज्याची वेळ आली नाही तो आतच आहे, आणि वाट सोडली तर कोण आत येईल? इतकी वर्षं तुमचं ऐकलं, एकदाही उलटून बोलले नाही. आता बोलतेय.

दुपारची जेवणं झालीत, बायका पंख्याखाली आडव्या झाल्यात, आणि मी पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर हे लिहितेय. पुठ्ठा संध्याकाळी भंगारवाला नेईल. म्हटलं, बाबांना विचारावं, बांधू का, आणि बाबा 'उसव' म्हणाले तर काय करायचं ते बघावं. पण तुमच्याशी कधी खोटं बोलले नाही, आताही नको. जाळी सकाळीच गेली. तुमच्याच सुईने कोपऱ्यातलं घर बांधलं, वर दुसरी गाठ मारली, गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत उभी राहिले, आणि मग तुम्हाला विचारायला बसले.