चुलीजवळची चौकट

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहिताना मला बिलकुल संकोच वाटत नाही. वाचता येत असतं तर पहिल्याच ओळीला म्हणाली असतीस, "मेलेल्या माणसाला कागद लिहून राह्यली, दुसरं काम न्हाई का तुला?" काम आहे की, ढीगभर आहे. नोकरी आहे, पोरगी आहे, सासूबाईंची शुगर आहे, आणि त्यात पस्तिशी ओलांडल्यावर मला परीक्षेला बसायचं सुचलं. मॅनेजमेंटच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, आता तुझी नात मला पाढे म्हणून दाखवते. मधल्या वर्षांतलं सांगत बसले तर संपणार नाही, ते राहू दे. यंदा तुझ्या जुन्या सैपाकघरात जे झालं तेवढंच सांगते. ते मी कुणालाच धड सांगितलेलं नाही.

मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत आहे. पेरणी जवळ आली की गोदामापुढं ट्रकांची रांग लागते, आणि कोणत्या गावच्या दुकानाला कोणतं बियाणं आधी जाईल ते मी बघते. दुकानदारांशी भांडणंही मीच करते आणि त्यांच्या शिव्याही मीच खाते. या कामाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुम्हीच बराबर आहात या जागेला. पण डिग्री लागते. यंदा कुठं प्रवेश मिळाला तर जागा धरून ठेवतो. पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही." असा राग आला म्हणून सांगू! एवढी वर्षं सगळं करून घेतलं तेव्हा नाही डिग्री लागली. त्या रागातच घरी येऊन मी मोबाईलवर ऑनलाइन कोर्स घेतला. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शिकवणारं एक कॉलेज होतं, त्याची परीक्षा. यंदा निघाली तर निघाली, नाहीतर जन्मभर त्याच टेबलाला.

पण जालन्याच्या दोन खोल्यांत कसला अभ्यास होतोय! व्हिडिओतले सर "चला, पहिला प्रश्न बघू" म्हणतात न म्हणतात तोच सासूबाई विचारणार, दूधवाला येऊन गेला का. म्हणून मी दर रविवारी लॅपटॉप घेऊन वडीगोद्रीला, माहेरी यायला लागले. तिथं हायवेमुळं नेटवर्क चांगलं. वहिनीनं पुढं गॅसचं नवं सैपाकघर केलंय, तुझं मागचं तसंच पडून होतं. कांदे आणि रिकामी पोती ठेवायला. मी ते झाडून काढलं, धान्याची लोखंडी पेटी पुढं ओढली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि खाली बसले. बसताना पाट सापडला, तू कुंभार पिंपळगावच्या बाजारातून माझ्यासाठी आणलेला. बसल्यावर लक्षात आलं की मी खिडकीकडे तोंड करून बसलेय आणि चूल मागं आहे. तू बसवायचीस तशीच बसले होते, आणि तसं काही ठरवलंही नव्हतं.

तू चुलीजवळ, काळ्या भिंतीला टेकून काहीबाही निवडत बसलेली असायचीस, आणि मी तुझ्या पुढं, तुझ्याकडे पाठ करून. मी एकदा विचारलं होतं, असं काहून? तू म्हणालीस, "माझ्या म्होरं बस. मागून कोण आलं तं आधी मला लागंल." आणि यायचेच की. आत्याला पाणी भरायला पोरगी पाहिजे असायची, मामा स्थळ घेऊन यायचे, आण्णा बाप असून नुसतेच कुरकुरायचे की बस झालं आता शिकणं. ते सगळं तुझ्यापर्यंत यायचं आणि तिथंच अडायचं. मला फक्त तुझा आवाज ऐकू यायचा. अक्षर तुला एक येत नव्हतं, पण पान उलटल्याचा आवाज तू ऐकायचीस. बराच वेळ आवाज झाला नाही की मागून रागावणं यायचं, "पान उलटलं न्हाई तू मघापासून. अडली असशील तं सोड की ते. म्होरं जा, येताना बघू." मला त्याचा असा संताप यायचा. गणित सोडून कुणी पुढं जातं का?

कोर्समध्ये दर रविवारी एक सराव परीक्षा असायची, अगदी खऱ्यासारखी. लॅपटॉपला वर कॅमेरा असतो, तो आपल्यावर पहारा ठेवतो. खोलीत आपण एकट्याच आहोत ना, मागून कुणी उत्तरं सांगत नाही ना, हे तो बघत राहतो. पहिल्याच रविवारी, भर दुपारी, दाराला आतून कडी लावलेली, मी एका गणिताशी झटतेय, आणि पडद्यावर लाल सूचना आली. खोलीत दुसरी व्यक्ती दिसत आहे. मी मागं वळले. चूल, भिंत, कांद्याचं पोतं. भिंतीवर आमच्याच कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर हातात कापूस घेऊन हसणारा शेतकरी. वहिनीला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. "ह्या बाबालाच धरलं असंल ताई त्यानं!" कॅलेंडर काढलं. पुढच्या रविवारी पुन्हा तीच सूचना. मग फळीवरच्या स्टीलच्या डब्यांत माझंच तोंड दिसत असेल म्हणून वहिनीनं डब्यांवर जुनं लुगडं टाकलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. त्या दिवशी वहिनी हसली नाही. तेव्हापासून ती चहा आणते तो उंबऱ्याच्या बाहेरूनच पुढं करते.

मी कोर्सवाल्यांना फोन लावला. तिकडून एक बाई बोलली, आवाजावरून तरुण असावी. माझी माहिती उघडून बघत होती. मी म्हटलं, अहो, मी एकटीच असते, तरी तुमचं यंत्र दुसरं माणूस दाखवतंय. ती म्हणाली, "पण मॅडम, मग तुमच्या मागे कोण बसलंय?" मी तिला बसलंय असं काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, दाखवा मला. तिनं फोटो पाठवला. त्यात मी आहे, कपाळाला आठ्या घालून बसलेली, आणि माझ्या तोंडाभोवती एक हिरवी चौकट. चेहरा सापडला की यंत्र तशी चौकट काढतं. दुसरी चौकट माझ्या डाव्या खांद्याच्या मागं, चुलीजवळ, काळ्या भिंतीवर. चौकटीत काहीही नाही. नुसती काजळी. पण चौकट उभ्या माणसाच्या उंचीवर नव्हती. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं होती. ती बाई म्हणाली, "होतं असं कधीकधी मॅडम. मशीनला भास होतो." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. अंगावर काटा आला होता, पण भ्याले म्हणशील तर नाही. तुला काय भ्यायचं!

मग मी लक्ष ठेवलं. सूचना वाटेल तेव्हा येत नव्हती. मी भराभर प्रश्न सोडवत असले की काही नाही. एखाद्या प्रश्नाला अडून बसले, हट्टाला पेटले, की लाल अक्षरं. दर वेळी तेव्हाच. एकदा मुद्दाम एका प्रश्नावर थांबून पाहिलं, हात मांडीवर ठेवून. बाहेर हायवेवर गाड्यांची घरघर, आत कांद्याचा वास, आणि मी वाट बघत बसलेली. आली सूचना. मी मोठ्यानं म्हटलं, "उलटते गं बाई, उलटते!" आणि पुढच्या प्रश्नावर गेले, तशी ती अक्षरं गेली. कोर्सचे सर पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगत होते, की ही परीक्षा अडलेला प्रश्न सोडून देणाऱ्याची आहे, धरून बसणाऱ्याची नाही. त्यांचं ऐकून मला कधी जमलं नाही. पण आता लाल अक्षरं दिसली की हात आपोआप पुढं जायचा. माझे गुण चढायला लागले. रविवार कधी येतो असं व्हायचं मला. साडीसुद्धा जरा बरी नेसून यायचे, हसू नकोस.

आणि मग खऱ्या परीक्षेचे नियम आले. तीही घरूनच द्यायची होती, तशाच कॅमेऱ्यापुढं. पण सरावात सूचना कितीही आल्या तरी चालायचं, खऱ्या परीक्षेत तिसऱ्या सूचनेला परीक्षा बंद. पुन्हा बसता येणार नाही. मी दुसरी जागा शोधली नाही असं नाही. जालन्यात घरी करून पाहिलं, तर सासूबाई दोनदा मागून गेल्या. ऑफिस सुट्टीच्या दिवशी उघडत नाहीत. मैत्रिणीच्या घरी नेटवर्क अर्ध्यात गेलं. बंद दाराची आणि बराबर नेटवर्कची माझ्याजवळ एकच जागा होती आणि तिथं तू होतीस.

परीक्षेच्या दिवशी दुपारी आण्णा अंबडला गेले होते. वहिनी उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी पाटावर बसले, लॅपटॉप उघडला, आणि पुन्हा उठले. चुलीकडे तोंड केलं. आयुष्यात कधी तुला असं बोलले नव्हते. म्हणाले, "माय, आज तू बाहेर बस. माझी परीक्षा हाय." मी अर्धवट लोटलेलं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले. गुडघ्यावर हात ठेवून उठायला, पदर झटकायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबले. वहिनीपण न सांगता दारातून बाजूला सरकली. मग दार लावलं. खोली मोठी झाल्यासारखी वाटली, आणि रिकामी. रडू आलं होतं, पण कॅमेरा चालू करायचा होता म्हणून तोंड पुसलं.

परीक्षेत एकही सूचना आली नाही. मध्यावर एका प्रश्नाला मी अडले. सवयीनं पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिले, आता येतील अक्षरं म्हणून. कुणी काही म्हणालं नाही. कितीतरी वेळ तशीच बसले होते, मग माझं मीच सोडलं आणि पुढं गेले. निघाली परीक्षा, माय. मुलाखतही झाली, प्रवेश मिळाला. साहेबांनी पेढे मागितले, त्या जागेवर आता मी बसते. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं.

आता त्यापुढचं. आण्णांना मी काही सांगितलेलं नाही आणि वहिनीनं देवाची शपथ घेतलीय की तीही काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून आण्णांनी ओसरीवरची बाज भिंतीपासून लांब, पार कडेला ओढलीय. पावसाचे शिंतोडे येतात अंगावर, तरी तिथंच झोपतात, पाय पोटाशी घेऊन. मी म्हटलं, "आण्णा, सरका की आत, जागा हाय एवढी." तर म्हणाले, "असू दे. बसायला लागती." मी विचारलं, कुणाला? त्यांनी तोंड हायवेकडे केलं आणि चादर ओढून घेतली. वहिनी संध्याकाळी ओसरी झाडते तेव्हा भिंतीपाशी तेवढी जागा सोडून झाडते. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनंही पाहिलं.

त्या दिवशी पेपर संपल्यावर मी पाणी प्यायले, वहिनीच्या गळ्यात पडले, जल्दीजल्दी एसटी पकडून जालन्याला आले. तुला बाहेर बस म्हणाले होते, आत ये म्हणायचं राहून गेलं. अजूनही मी रविवारी येते. ओसरीवरून जाताना पाय जपून टाकते. मागचं दार उघडं ठेवते, पाटावर बसते, शब्द अगदी तोंडावर येतात. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून इथं सांगते. तुला आत बोलावलं, कॅमेरा लावला आणि भिंतीवर चौकट आलीच नाही, तर तू मग कुठंच नाहीस. न बोलावता निदान ओसरीवर तरी आहेस. आता रात्री थंडी पडून राह्यली, माय. तरी मी तुला अजून बोलावलं न्हाई.