काळतोंड्याचं जेवण

माऊई, १२ सप्टेंबर २००४

ती. मीराआत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

अखेर या बेटावरच्या जंगलात तो पक्षी सापडला. चिमणीएवढा, तोंड काळं. त्याच्या जातीचे तिघंच उरले होते. बाकीचे दोघं कित्येक महिन्यांत दिसलेले नाहीत. तो झाडाच्या साली उचकटून बारक्या गोगलगायी शोधतो नि कवचासकट चावून खातो. जोडीदारीण सापडेपर्यंत त्याला जगवणं माझ्याकडे आहे. मी रोज गोगलगायी वेचून आणते, पण पिंजऱ्यात तो जेमतेम खातो. वजन उतरतंय. फार भीती वाटते.

माया आहेच, तशीच असू दे.
तुझी,
प्रणिता

एडिसन, २० सप्टेंबर

चि. प्रणितास अनेक आशीर्वाद.

एवढं शिकून भाची गोगलगायी वेचते, हे इथे ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, कुणाला सांगू? गंमत केली, रागावू नकोस. हे गेल्यावर मलाही एकटीला घास उतरत नसे. शेजारची शैला ताट घेऊन समोर बसू लागली, तेव्हा जेवू लागले. आपल्यात कुणाला एकटं जेवू देतात का? तूही डबा घेऊन त्या काळतोंड्यासमोर बस.

तब्येत सांभाळ, आत्याला विसरू नकोस.
मीराआत्या

माऊई, ५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं ऐकून त्याच्यासमोर पोळीभाजी खाल्ली. तो माझ्याकडे टक लावून बसला, एकही गोगलगाय उचलली नाही. वजन आणखी घटलं. आमची डॉक्टर नीला मला फार बोलली. आता पिंजऱ्याला पडदा लावलाय. मी दूर झाले की खातो. पलीकडून कवच फुटल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडतो. आपल्याला माणसांनाच जेवू घालता येतं गं. तो म्हातारा आहे, एक डोळा गेलाय. जोडीदारीण अजून सापडलेली नाही.

रागावलीस तरी लोभ ठेव.
प्रणिता

एडिसन, ३० नोव्हेंबर

चि. प्रणितास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नुसती रडत होतीस. शेवटी नीलाने फोन घेऊन सांगितलं, की तो गेला, बहुधा त्याच्या जातीतला शेवटचा. माझ्या सल्ल्यानं तर नाही ना, हेच मी आधी विचारलं. म्हातारपणानं गेला म्हणाली. तरी मला रुखरुख लागली आहे.

आज ऑफिसात रजा मागितली. कोण वारलं, विचारलं. पक्षी म्हटल्यावर साहेब हसला. मला हसू आलं नाही. मयतीला आपली माणसं लागतात. त्याच्याकडून रडायला जगात कुणी उरलं नव्हतं, म्हणून तू रडलीस. तुझ्याकडून मी येते आहे. पुढच्या शुक्रवारी दुपारी विमान पोचेल.

तुझी,
मीराआत्या