आधी पाऊस, मग ढग

नेकनूर,
डिसेंबर २००३

तीर्थरूप मल्लिनाथमामा,

तुम्हाला आणि दानम्मामामींना शिवानीचा शरणार्थ. तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या तेलाने उतार पडला असेल. (पडला नसेल तर त्यांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.) इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, पण खोटं लिहू नये हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून लिहीत नाही. मामा, मी एक चोरी उघडकीला आणली आहे आणि चोर आम्हीच आहोत.

झालं असं. संस्थेच्या पाचही शाळांनी इंटरनेटवरून माहिती गोळा करायची, तिची पुस्तिका करायची आणि ती ई-मेलने एकमेकांना पाठवायची, असा आदेश निघाला. आम्हाला ‘पाण्याचा प्रवास’ हा विषय आला. चौघांची समिती झाली. हेडसरांनी, म्हणजे राधाकिशन सरांनी, पाऊस घेतला, कारण पाऊस सगळ्यांनाच हवा असतो. मुक्ताबाई मॅडमनी ढग घेतले. बंकट सर इंग्रजी शिकवतात, त्यांना वाफ मिळाली आणि ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. उरला समुद्र. तो आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, म्हणून तो सगळ्यांत धाकटीला, म्हणजे मला. चौघांचं जोडून एक करायचं कामही मलाच. मी समुद्र, वाफ, ढग, पाऊस असं लावलं, तर हेडसर म्हणाले, “शिवानीबाई, सेवाज्येष्ठता म्हणून काही हाय का न्हाई?” म्हणून आमच्या पुस्तिकेत आधी पाऊस पडतो, मग ढग येतात, मग वाफ होते आणि सगळ्यांच्या मागून समुद्र येतो. (मुलांनी मागून पुढे वाचावं असं ठरलं आहे.)

शाळेत कॉम्प्युटर आहे, पण फोनची लाइन नाही, म्हणून आम्ही जीपने बीडच्या कॅफेत जातो. चौघांची ई-मेलची पेटी एकच. तिचा परवलीचा शब्द एकाजवळ नको म्हणून हेडसरांनी त्याचे चार तुकडे केले आणि प्रत्येकाला एकेक दिला. एक जण आपला तुकडा टाइप करत असताना बाकीचे तिघे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. कॅफेवाल्याला वाटतं, आम्ही प्रार्थना करतो.

जोडताना मी चौघांचे छापील कागद शेजारी शेजारी ठेवले. सगळ्या कागदांखाली एकच नाव होतं! कॅफेवाल्याने प्रत्येकाला तेच पान काढून दिलं होतं. स्कॉटलंडचे डंकन म्हणून कुणी निवृत्त मास्तर आहेत, त्यांचा तो लेख. धड सरळ लेख होता. आम्ही चौघांनी महिनाभर खपून तो तोडला आणि उलटा जोडला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, विचारल्याशिवाय घेऊ नये. मामा, तुमच्या दुकानामागच्या खोलीत मी अक्षरं शिकले. गल्ल्याजवळचा खडूसुद्धा विचारून घ्यावा लागे. आता मी काय करणार? पुढच्या खेपेला पेटी उघडून तिघं चहाला गेले, तेवढ्यात मी डंकन साहेबांना सगळं कबूल करून परवानगी मागितली. खाली चौघांची नावं घातली. (सेवाज्येष्ठतेनेच.)

आठवड्याने पेटी उघडली तर त्यांचं उत्तर! मला खरं सांगावंच लागलं. बंकट सर ओरडले, “आवं, हे कावून केलं तुमी? चोरी करायची आन् मालकाला पत्ता कळवायचा?” हेडसर म्हणाले, “बंद करा! आधी ते बंद करा!” उत्तर न उघडताच आम्ही जीपमध्ये बसलो. घाटात मुक्ताबाई मॅडमनी एवढंच विचारलं, तिकडले पोलीस इकडे येतात का?

त्यानंतर सगळे माझ्याशी फार गोड वागू लागले, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. हेडसर म्हणाले, मेहनत तुमची, मग माझं नाव कशाला? मॅडमनीही नाव काढून घेतलं. बंकट सरांनी तर वाफच मला देऊन टाकली. आता पहिल्या पानावर एकटं माझं नाव आहे. मार्चमध्ये माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपतात. कायम होण्याच्या कागदावर हेडसरांची सही लागते. जिच्या नावावर परदेशातून तक्रार आली, तिच्यासाठी कोण सही करेल? जेवण जात नाही. टपालवाल्याची सायकल वाजली की मी स्वयंपाकघरात जाते. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुमचा आशीर्वाद असावा.

तुमची भाची,
शिवानी

ता. क. – पत्र पाकिटात घालायच्या आधीच काल जीप निघाली. माझा तुकडा टाइप करताना तीन वेळा चुकला. बंकट सरांनी उत्तरातली पहिली ओळ मोठ्याने वाचली: लेख खुशाल वापरा. लगेच हेडसरांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. पुस्तिकेवर आता त्यांचं, मॅडमचं आणि बंकट सरांचं नाव आलं आहे. वर मार्गदर्शक म्हणून अध्यक्ष आणि सचिव आहेत. पान भरलं. माझ्याबद्दल हेडसर म्हणाले, “तुमचं फुडच्या बारीला बघू. तुमची लई नोकरी पडली हाय अजून.” ते मला पटलंही असतं.

ता. ता. क. – पण तिघे रस प्यायला बाहेर पडले, तेवढ्यात दुसरी ओळ मी एकटीने वाचली होती. डंकन साहेबांनी अट घातली आहे: पत्राखाली ज्या चौघांची नावं आहेत ती चारही छापा, एकही गाळू नका. म्हणजे माझं नाव गाळलं की परवानगी मोडली, आणि आपण पुन्हा चोर! मला नावाची हौस नाही. (थोडी आहे.) पण हे हेडसरांना मी कशी सांगू? सही त्यांच्या हातात आहे. तुम्ही वडीलधारे, तुम्हाला ते खुर्ची देतील. पुस्तिका गुरुवारी छापायला जाते. बुधवारी सकाळी तुमच्या अंबाजोगाईहून बीडकडे जाणारी गाडी नेकनूरला थांबते, शाळा स्टँडसमोरच आहे. मी बोलावलं असं तेवढं सांगू नका. कुणी विचारलंच तर खोटंही बोलू नका.