मागचे दोन स्पीकर

सुदामा नगर, इंदूर
शनिवार, २१ सप्टेंबर २००२

चि. सुजय यास सुलोचनाताईचे आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. सूरतेला तुम्ही तिघंही ठीक असाल असं धरून चालते. या पत्राला कारण आहे, पण ते जरा उशिराने येईल. वर्गातही मी मुद्द्यावर यायला अर्धा तास घेते असं मुलं म्हणतात, आणि त्यांचं काही चूक नाही.

काल अनंत चतुर्दशी झाली. मिलांना कुलपं लागून दहा वर्षं झाली तरी मिलांच्या झांक्या, ते रोषणाईचे चित्ररथ, निघतात, आणि बाबा नेमाने जातात. पहाटे परत आले, आता झोपलेत. गुडघा सोडला तर तब्येतीची तक्रार नाही. पावसाने यंदा हात आखडता घेतला, त्यामुळे नळाला एक दिवसाआड पाणी.

कॉलेजची बातमी मोठी आहे. आमच्याकडे मास कम्युनिकेशनचा नवा विभाग निघालाय आणि त्यासाठी सराउंड साउंडचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होतोय. आठवतं ना, आपल्याकडे एक परदेशी टेपरेकॉर्डर यायचा तर आधी मुंबईचा कोणीतरी काका लागायचा. आता कंपन्या स्वतः फोन करतात, मॅडम, कब आएँ. विभागाचे प्रमुख रघुवीर सर कवी मनाचे आहेत, म्हणजे त्यांना प्लग कुठे लावायचा ते कळत नाही. म्हणून फिजिक्सची बाई या नात्याने मला खरेदी समितीत घेतलं.

खोली लायब्ररीच्या मागची आहे. भिंतींना जाड फेल्ट, दाराला रबराची पट्टी, मधोमध एक खुर्ची. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि धमधम करायला एक जाडजूड डबा जमिनीवर. मायक्रोफोन आणि मिक्सर ठरायला दोन बैठका पुरल्या. अडलं ते स्पीकरवर. एका संचात पाचही स्पीकर सारखे होते. दुसऱ्यात समोरचे तीन मोठे आणि मागचे दोन छोटे, कारण मागून येतं ते काय, पाऊस, टाळ्या, गर्दी. प्राचार्यांना दुसरा संच आवडला होता. माझं म्हणणं होतं की पाचही सारखे हवेत. मागून माणूसही बोलू शकतो, आणि मग त्याचा आवाज पातळ पडून चालत नाही.

शेवटी ठरलं की कानांनीच ठरवावं. कंपनीचा मानस नावाचा इंजिनिअर मुंबईहून आला आणि त्याने पहिल्यांदा सारख्या स्पीकरांचा संच लावला. रघुवीर सर म्हणाले की तज्ज्ञांचे कान पुरे झाले, घरून दोन-चार साधी माणसं आणा. त्यांनी बायकोला आणलं, प्राचार्यांनी ड्रायव्हरला, मी बाबांना. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. कॉलेजात येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि मी तिथे चौदा वर्षं शिकवतेय.

परीक्षा सोपी होती. खुर्चीत बसायचं. बातम्या वाचणाऱ्या एका बाईचा आवाज पाचांपैकी कुठल्यातरी एकाच स्पीकरमधून येणार. जिकडून येईल तिकडे हात करायचा. समोर टेबलाशी मानस, कडेला आम्ही. बाबांची पाळी आली. डावीकडून आवाज आला, त्यांनी डावीकडे हात केला. मधून, मध्ये. उजवीकडून, उजवीकडे. ड्रायव्हरपेक्षा झटपट. मला, खरं सांगते, अभिमान वाटला.

मग मागचा स्पीकर सुरू झाला. बाबा स्वस्थ बसून राहिले. हात गुडघ्यावर, नजर मानसवर. मानसने दुसरा लावला, मग आवाज वाढवला. इतका, की रघुवीर सरांच्या बायकोने कानावर पदर घेतला. बाई बाबांच्या डोक्यामागे हवामान ओरडून सांगत होती, आणि बाबा अदबीने समोर बघत होते.

प्राचार्य म्हणाले, "पीछे वाले तो बेकार हैं. इन्हें कुछ समझ में ही नहीं आया." मानस गोंधळला, वायरी तपासायला लागला. रघुवीर सरांनी कागदावर काहीतरी खोडलंही. मी गप्प राहिले असते तर तो संच तिथेच बाद होत होता आणि बाबांची झाकली मूठ तशीच राहत होती. मी म्हणाले, "स्पीकर ठीक हैं, सर. मेरे पिताजी को सुनाई नहीं देता." खोलीत फेल्ट असल्यामुळे माझाच आवाज मला फार कोरडा वाटला.

ते वाक्य म्हणेपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं, सुजय. मी ध्वनी शिकवते. एका छपराखाली राहते. आणि ठाऊक नव्हतं.

संच पास झाला. घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, ऐकू कधीपासून येत नाही. ते सहज म्हणाले, जणू मी भाजीचा भाव विचारला होता: "साळखात्यात एकतीस साल काढले. दोनशे लूम एका छताखाली. सगळेच तसे होते, कोणाला काय सांगायचं? ओठ बघायचे, काम चालतं." कॉलेजात समोरचे तीन कसे बरोबर सांगितले, ते विचारलं. तर म्हणाले, "तो मुंबईवाला बटण दाबायच्या आधी तिकडे बघायचा." घरी का नाही सांगितलं, यावर म्हणाले की तू मोठ्याने बोलायला लागली असतीस आणि पूर्ण गल्लीने ऐकलं असतं. मिल बंद पडली त्याच्या आधीपासूनच, समोर तोंड नसेल तर त्यांना बोलणं कळत नव्हतं.

आधीपासून, हे मी मुद्दाम लिहितेय. आता तुला कळलं असेल हे पत्र कशाला आहे.

एप्रिल ब्याण्णव. बाबा खिडकीशी पेपर घेऊन बसले होते, पाठ खोलीकडे. तू बॅग घेऊन मागे उभा राहिलास. मी स्वयंपाकघरात होते, मला शब्दन् शब्द ऐकू आला. "बाबा, मी सूरतेला चाललोय. पॉवरलूमवर नोकरी आहे. तुम्ही नको म्हणालात तर थांबतो." पॉवरलूमचं नाव घेतलंस, जे त्यांच्या मते मिलांच्या मुळावर आले होते. त्यांनी पेपरचं पान उलटलं. तू थांबलास. मग बाहेर पडलास.

याच्या पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तू फाटकाशी उभा राहून मला हाक मारलीस, विचारलंस, बाबा काही म्हणाले का. मी आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच परत आले. त्यांना काही विचारलं नाही. बाहेर येऊन तुला सांगितलं, "म्हणाले, जाऊ दे त्याला."

ते काहीही म्हणाले नव्हते. ते वाक्य माझं होतं.

का, याची मी बरीच कारणं करून ठेवली आहेत. तू थांबला असतास तर तूही इथेच अडकला असतास, हे त्यातलं सगळ्यात शोभिवंत. खरं कारण असं की मला तुझा राग आला होता. त्याच महिन्यात देवासचं माझं स्थळ मोडलं होतं, कारण घरात पगार आता फक्त माझा होता. तुला निदान, थांबू का, असं विचारता आलं. मला थांबायचंय का, हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणून म्हटलं, जाऊ दे त्याला.

नंतर घरी फोन बसला. दिवाळीला तू फोन करायचास आणि बाबा हातानेच, तूच बोल, असं खुणावायचे. मी तुला सांगायची की ते पूजेत आहेत, झोपलेत, फिरायला गेलेत. तू हळूहळू त्यांना फोनवर बोलावणं सोडलंस. ते रागावलेत असं तुला वाटत होतं आणि मला तर खात्रीच होती. त्या खात्रीने माझं वाक्य मला जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

काल दुपारी, ते झांक्यांना निघण्याआधी, मी पुन्हा समोर बसून विचारलं, सुजय गेला तो दिवस आठवतो का. बाबा म्हणाले, "तो न सांगता गेला. मिल गेली, मग तो गेला. सांगून नाही गेला याचंच वाईट वाटलं." दहा वर्षं ते हे धरून बसलेत, आणि तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द त्यांनी काढलेला नाही.

मग मी त्यांना तू काय बोललास ते सांगितलं. सावकाश, ओठ नीट हलवून. नको म्हणालात तर थांबतो, हे दोनदा सांगावं लागलं. माझ्या वाक्याचं अजून सांगितलेलं नाही, तेवढी हिंमत झाली नाही. ते उठले की हेच पत्र त्यांना वाचायला देणार आहे आणि मगच पाकीट बंद करणार आहे. तुला ते मिळालं, तर त्यांनी वाचलंय असं समज. तुम्ही दोघांनी माझ्याशी कसं वागायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तक्रार करणार नाही.

बाबांनी फक्त एक गोष्ट विचारली. खिडकीकडे बघून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "किती वेळ उभा होता मागे?"

मला सांगता आलं नाही. मी भाजी चिरत होते. ते फक्त तुला माहीत आहे. नीरजाला आणि बेबीला घेऊन ये, आणि त्यांच्या समोर बसून त्यांना सांग.

ज्या वाक्यावर तू घर सोडलंस ते परत घेणारी,
सुलोचना